हिरव्या साडीचा लाल काठ कुठे गेला?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की ब्लॅक अँड व्हाइट करणं म्हणजे रंग पुसून टाकणं नव्हे. त्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलून ही पानं त्या एकाच विषयाला द्यावी लागली. एका वाचकांनी तीन पानी पत्रात मला खोडूनच काढलंय. त्यांचंही उत्तर खाली आलंय, पण त्यांना ते ओळखू येणार नाही अशा बेताने.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मिरजेत आमच्या काकांचा स्टुडिओ होता. १९८३ च्या सुट्टीत, दहावीची परीक्षा झाल्यावर, त्यांनी मला डार्करूममध्ये उभं केलं आणि म्हणाले, "ट्रे हलवत राहा, थांबू नको." पुढची वीसेक वर्षं मी ट्रे हलवत होते. आता स्क्रीनसमोर बसते. आणि हो, 'कृष्णधवल' हा शब्द छापायला देखणा आहे, पण आमच्या स्टुडिओत तो कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. आम्ही 'ब्लॅक अँड व्हाइट' म्हणायचो, घाईत असलो की 'बीडब्ल्यू'. इथेही तसंच लिहीन.

प्रश्न : ताई, आईच्या पंच्याहत्तरीला तिचा हिरव्या नऊवारीतला फोटो काढला. साडीला चांगला वीतभर लाल काठ आहे. फोनमध्ये सॅच्युरेशन शून्यावर नेलं तर काठच गायब! साडी आणि काठ एकाच करड्या रंगाचे. मित्राने सांगितलं, लाल रंगाचा स्लायडर वाढव. वाढवला. काठ दिसायला लागला, पण आईच्या कपाळावरचं कुंकू नाहीसं झालं. तो फोटो बघून आई दोन दिवस बोलली नाही. चुकलं कुठे?
— कोल्हापूरचे एक वाचक

उत्तर : आईंच्या बाजूने मी आहे, हे आधीच सांगते. एरवी चूक कुणाची नाही.

फोन रंग काढतो म्हणजे एक हिशेब करतो. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे असतात. आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ भासतो आणि निळा सगळ्यात कमी. म्हणून नेहमीच्या एका सूत्रात साधारण लालचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ घेऊन बेरीज करतात. आलेला आकडा म्हणजे तो करडा. सगळी सॉफ्टवेअरं हेच प्रमाण वापरतात असं नाही, पण तऱ्हा हीच.

आता तुमची साडी घेऊ. लाल काठाचे आकडे समजा १८०, ३०, ४०. हिरव्या अंगाचे २०, ११०, ५०. करा हिशेब. काठाचे येतात ७६ आणि साडीचेही ७६. डोळ्याला एकमेकांवर भांडणारे दोन रंग, आणि सूत्राला जुळे भाऊ. म्हणून काठ गेला. हिरव्या पानांतली लाल जास्वंद, हिरव्या चुड्याशेजारची लाल बांगडी, सगळ्यांची हीच गत होते.

मित्राने सांगितलेला उपाय अर्धा बरोबर आहे. लाल उजळवला की काठ हिरव्यापासून सुटतो. पण कुंकूही लालच. ते उजळत उजळत कातडीच्या टोनला जाऊन मिळतं आणि कपाळ मोकळं दिसायला लागतं. आमच्या स्टुडिओत हे १९८६ च्या सुमारास घडलंय. काकांनी सकाळी मीरासाहेब दर्ग्यावर ढग छान आले म्हणून भिंगावर लाल काचेचा फिल्टर लावून फोटो काढले आणि फिल्टर तसाच राहिला. कॅमेरा दोन भिंगांचा, वरच्या भिंगातून बघायचं आणि फोटो खालच्यातून निघायचा. फिल्टर खालच्या भिंगावर, त्यामुळे बघताना काही कळायचा प्रश्नच नाही. दुपारी एक नवराबायको फोटोला आले. स्टुडिओचे दिवे पिवळसर, म्हणून त्या फिल्टरमधूनही कसाबसा उजेड पोचला. निगेटिव्ह पातळ आलं, ते मी चार नंबरच्या हार्ड पेपरवर ओढून ओढून उतरवलं. प्रिंट हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, टाकली तेव्हा लक्षात आलं की बाईंच्या कपाळावर काहीच नाही. शेजारी नवरा बसलेला, आणि फोटोत कुंकू नाही! काकांनी शून्य नंबरचा ब्रश घेतला, स्पॉटिंगची शाई घेतली आणि तिन्ही कॉप्यांवर एकेक कुंकू लावलं. त्या बाईंना पत्ता लागला नाही. मला मात्र त्या दिवशी फिल्टर म्हणजे काय ते कळलं.

तेव्हा तुम्ही उलट्या वाटेने जा. लाल वाढवू नका, हिरवा वाढवा. साडीचं अंग उजळेल, काठ गडद राहील आणि कुंकू जागच्या जागी. मग लाल थोडासाच खाली घ्या, म्हणजे काठ आणखी उठेल. फार खाली नेलात तर ओठ काळे पडतात आणि चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग वर येतो. चेहऱ्यासाठी वेगळा स्लायडर आहे, नारंगी. आपल्या बहुतेकांची कातडी, गोरी असो की सावळी, नारंगीत मोडते. तो पाच-दहा अंकांनी हलवून बघा. फोटो सुधारायच्या लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये हे स्लायडर ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये सापडतील. स्नॅपसीडमध्ये सुटे स्लायडर नाहीत, पण ब्लॅक अँड व्हाइटच्या आत रंगीत फिल्टरची निवड आहे, तिथे हिरवा घ्या.

नवी प्रिंट आधी आईंना दाखवा, मग मला.

प्रश्न : मी फोटोग्राफीच्या पहिल्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवूनच काढा, डोळा तयार होतो. सीनियर म्हणतात असं कधीच करू नका, रंगीत काढा आणि नंतर बदला. कुणाचं ऐकू?
— पुणे

उत्तर : दोघांचं. कॅमेऱ्याच्या मेनूत जा, फाइलच्या प्रकारात 'रॉ' आणि 'जेपेग' दोन्ही एकदम निवडा आणि चित्राची शैली मोनोक्रोम ठेवा. मागच्या पडद्यावर सगळं ब्लॅक अँड व्हाइट दिसेल, आरशाशिवायचा कॅमेरा असेल तर व्ह्यूफाइंडरमध्येही. पण रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, तिच्यात रंगांची माहिती पूर्ण शाबूत राहते. सरांचं म्हणणं खरं आहे. लाल रिक्षा बघून हुरळलेला डोळा करड्या पडद्यावर लगेच जमिनीवर येतो. मग तुम्ही उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडलीय, मागची भिंत चेहऱ्याला चिकटतेय का, हे बघायला लागता.

सीनियरांचंही खरं आहे, आणि ते मी पैसे मोजून शिकले. २००६ साली मी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला. श्रावणात सांगलीत एका घरी मंगळागौरीचं काम होतं. आठ-दहा मुली, नऊवाऱ्या, फुगड्या, झिम्मा, माजघरात वरून येणारा एकच उजेड. मला वाटलं, काय सुंदर ब्लॅक अँड व्हाइट होईल! कॅमेरा मोनोक्रोमवर टाकला आणि अर्धी रात्र काढत बसले. कार्डात जागा पुरावी म्हणून फक्त जेपेग. दुसऱ्या दिवशी सीडी दिली. सासूबाईंनी सगळे फोटो बघितले, शांतपणे म्हणाल्या, "छान आहेत हो. आता रंगीत दाखवा." रंगीत नव्हतेच. जेपेगमध्ये रंग एकदा टाकून दिला की गेला, कुठल्याही सॉफ्टवेअरने तो परत येत नाही. घेतलेले पैसे परत केले. त्या घरचं पुढचं लग्नही गेलं.

रॉ कशासाठी, तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. रंगीत फोटोत पायऱ्या तुटल्या तर रंग थोडं झाकून नेतात. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये झाकायला काही नसतं. आकाश ओढलंत की पट्टे दिसतात.

आणि गंमत अशी की सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारा भाग, मुळात रंगांधळाच असतो. त्याच्या प्रत्येक खणाला फक्त किती उजेड पडला एवढंच कळतं. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या काचेची चौकट बसवलेली असते. चार खणांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची ही रचना, १९७६ चं पेटंट. बहुतेक कॅमेऱ्यांत आजही तीच, फोनमध्ये फार तर तिची भावंडं. म्हणजे आधी आंधळ्याला रंगीत चष्मा लावायचा, त्यावरून रंगांचा अंदाज बांधायचा आणि मग आपण ते रंग परत करडे करायचे. चष्माच न लावलेले कॅमेरे मिळतात. लायकाने २०१२ मध्ये काढला, पेंटॅक्सने २०२३ मध्ये. त्यांची बारकावे टिपण्याची ताकद खरोखर वेगळी आहे. पण त्यात कोल्हापूरच्या आईंचा काठ नंतर सोडवता येत नाही, कारण लाल कुठला आणि हिरवा कुठला हे त्या फाइलला माहीतच नसतं. तिथे परत काकांसारखा भिंगावर फिल्टर आला. पहिल्या वर्षाला असाल तर किमती बघूही नका.

प्रश्न : मे महिन्यात विजयदुर्गला गेलो होतो. किल्ल्यामागचं आकाश काळंभोर करावं म्हणून निळा स्लायडर पार खाली ओढला. आकाशात वाळू पडल्यासारखे दाणे आले आणि तटबंदीच्या कडेने पांढरी रेघ. जुन्या लोकांसारखा लाल फिल्टर विकत घेऊ का?
— ठाण्याचे एक वाचक

उत्तर : घेऊ नका. फिल्मच्या कॅमेऱ्यात लाल फिल्टर सोन्यासारखा होता. डिजिटलमध्ये तो लावलात तर निळे खण जवळपास उपाशी राहतात, हिरवेही बरेचसे, आणि चारातला एकच लाल खण सगळं काम करतो. बारकावा गेला, हाती काही नाही. रंगीत फोटो काढून स्लायडरने तेच काम जास्त बरं होतं.

पण स्लायडरलाही मर्यादा आहे. मेमधलं कोकणातलं आकाश निळं असतंच कुठे? दमट, पांढुरकं, खारं. त्यात निळा शेंगदाण्याच्या कूटाइतका, आणि तुम्ही त्यातून तेल काढायला बसलात. सॉफ्टवेअर बिचारं नसलेला निळा शोधून शोधून गडद करतं, त्यात दाणे निघतात. आणि जिथे तटाचा दगड आणि आकाश भेटतात तिथे त्याचा अंदाज चुकतो, ती तुमची पांढरी रेघ. जेपेग असेल तर चौकोनी ठोकळेही दिसले असतील.

निळा शून्यापासून तीसेक अंकांपेक्षा जास्त खाली ओढू नका. बाकीचं काम वरून खाली फिका होत येणाऱ्या ग्रेडियंटने हलकेच करा. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा भिंगावरचा फिल्टर, असेल तर तो जरूर लावा, त्याचा परिणाम नंतर सॉफ्टवेअरने आणता येत नाही. आणि शक्य असेल तर ऑक्टोबरात परत जा. पावसाने धुतलेलं आकाश, पांढरे ढग, आणि निळा स्लायडर बोट लावताच हलतो.

जाताजाता एक. पावसाळ्यात सह्याद्रीचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट केले की चिखलासारखे सपाट दिसतात, ही तक्रार निदान पाच पत्रांत आहे. सगळे जण हिरवा स्लायडर हलवतात आणि फारसं काही होत नाही म्हणून सोडून देतात. पिवळा हलवून बघा. झाडांची पानं, गवत, भाताची खाचरं, आपल्याला हिरवीगार वाटतात पण त्यांच्यात पिवळा भरपूर असतो.

प्रश्न : दरवर्षी दिवे घाटात वारीचे फोटो काढते. कधी पांढरे सदरे नुसते कोरे कागद होतात, कधी सदरे मळकट करडे आणि चेहरे काळे ठिक्कर. तोच कॅमेरा, तीच मी. असं का होतं?
— सासवडच्या एक वाचक

उत्तर : तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी एका वाक्यात लिहिल्यात आणि त्यातच उत्तर आहे.

कॅमेऱ्याला वाटतं की समोरचं सगळं जग सरासरीने मधल्या करड्या रंगाचं आहे. घाटाची काळी-हिरवी भिंत चौकटभर आणि तिच्यापुढे वारकऱ्यांची बारीक ओळ असेल, तर तो म्हणतो, अंधार आहे, उजेड वाढवा. भिंत करडी होते आणि सदरे जळतात. तुम्ही वळणावरून खाली उतरून गर्दीत शिरलात, चौकटभर टोप्या, सदरे, धोतरं, की तो म्हणतो, फार उजेड झाला, कमी करा. सदरे करडे, चेहरे काळे. म्हणजे पहिल्या ठिकाणी एक्स्पोजर तुम्ही स्वतः कमी करायचं, पाऊण-एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), आणि दुसऱ्या ठिकाणी तेवढंच वाढवायचं. मनाला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

फिल्मच्या दिवसांत काका सांगायचे, सावली सांभाळ, उजेडाचं मी प्रिंटमध्ये बघतो. डिजिटलला नियम उलटा लावा. उजेड सांभाळा. सदऱ्याच्या सुरकुत्या एकदा जळाल्या की त्या जागी फाइलमध्ये काहीच नसतं. सावलीतून मात्र बरंच वर काढता येतं. त्यासाठी पडद्यावर जळालेला भाग लुकलुकेल अशी सोय चालू ठेवा, हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डोंगर उजव्या भिंतीला टेकला की सावध व्हा.

अमेरिकेतल्या फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे ० ते १० अशी अकरा घरं पाडली होती. मला ते सगळं कधी पाठ झालं नाही. वारीपुरतं मी एवढंच लक्षात ठेवते की सदरा आठव्या घराच्या पुढे जाऊ द्यायचा नाही आणि रापलेला चेहरा चौथ्या-पाचव्यात बसवायचा.

चेहऱ्यासाठी एक युक्ती, जी फिल्मवर फोटो काढून झाल्यावर आम्हाला कधीच जमली नसती. पांढऱ्या सदऱ्याला रंग नाही. चेहऱ्याला आहे, नारंगी. तेव्हा मिक्समधला नारंगी वाढवला की चेहरे उजळतात आणि सदरे तसूभरही हलत नाहीत. गर्दीत एकेक चेहरा ब्रशने रंगवत बसायला नको. पण बेताने! चाळीस अंक वाढवून फेअरनेस क्रीम लावल्यासारखे वारकरी मला गेल्या वर्षी एका प्रदर्शनात दिसले. वीस दिवस उन्हापावसात चाललेला माणूस आहे तो.

प्रश्न : जेजुरीला सोमवतीला भंडारा उधळतानाचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट केले. धुकं पडल्यासारखं दिसतं. काय करू?
— मुलुंड

उत्तर : रंगीत ठेवा. पिवळा हा सगळ्यात उजळ रंग, करड्यात तो जवळजवळ पांढरा होतो. हवेतली हळद धूळ होते आणि अंगावरची पावडर. पिवळा गडद करून बघाल तर चेहरेही पिवळ्याने माखलेले, तेही काळवंडतील. काही फोटोंचा जीवच रंगात असतो. ब्लॅक अँड व्हाइट केलं की फोटो आपोआप गंभीर होतो असा एक समज आहे, तो तुमच्यापुरता तरी सोडून द्या.

प्रश्न : सगळं ब्लॅक अँड व्हाइट आणि फक्त छत्री लाल, असा फोटो तुम्ही मागे स्पर्धेत बाद केलात. कारण कळेल का?
— नाशिक

उत्तर : छत्री दिसली. फोटो दिसला नाही.

प्रश्न : नातवाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो लॅबमधून १२ बाय १८ प्रिंट करून आणला. स्क्रीनवर सुरेख होता. प्रिंट काळपट आली आणि घरी आणल्यावर जांभळट दिसायला लागली. लॅबवाला म्हणतो तुमचे डोळे तपासा.
— डोंबिवलीच्या एक वाचक

उत्तर : डोळे उत्तम आहेत तुमचे. माझ्यावरही ही वेळ आलीय. एका प्रदर्शनासाठी वीस प्रिंट मी एका लॅबमध्ये टाकल्या, उद्‌घाटनाच्या आदल्या रात्री घरी आणून ट्यूबलाइटखाली मांडल्या तर सगळ्या वांग्याच्या रंगाच्या. लॅबचं नाव घेत नाही, त्यांनी निदान पैसे तरी परत दिले.

कारण साधं आहे. बऱ्याच लॅबमध्ये तुमचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंगीत कागदावरच छापला जातो. त्या कागदात काळा रंग नसतोच. निळसर, किरमिजी आणि पिवळा हे तीन रंग एकावर एक पडून करडा तयार होतो. तिघांतला एक जरा जास्त झाला की झाक आली. रंगीत फोटोत ती झाक कुणाच्या लक्षात येत नाही. करड्यात मात्र डोळा ती लगेच पकडतो. शिवाय दुकानातल्या दिव्याखाली एक दिसतं, घरच्या दिव्याखाली दुसरं. म्हणून प्रिंट नेहमी दिवसा खिडकीशी नेऊन बघायची. आम्ही ओली प्रिंट घेऊन अंगणात धावायचो.

लॅबमध्ये विचारायचा प्रश्न एकच: "इंकजेटवर करता का, आणि मशीनमध्ये करड्या शाया किती?" काळ्याशिवाय एक-दोन करड्या शाया असलेलं मशीन असेल तर झाकेचा त्रास जवळपास संपतो. समोरच्याला प्रश्नच कळला नाही, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. ते मशीन तुमच्या गावात नसेल तर फोटोला मुद्दाम हलकी तपकिरी छटा द्या. जांभळी झाक तिच्यात बरीचशी बुडते आणि बघणाऱ्याला वाटतं, हे असंच करायचं होतं. फाइल मात्र आरजीबीतच, म्हणजे रंगीत फोटोच्या पद्धतीतच न्या, काही मशीनना ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या करड्याची फाइल नीट पचत नाही.

काळपटपणाचं खापर मात्र लॅबवर फोडू नका. तुमचा स्क्रीन दिव्यासारखा पेटलेला असणार. स्क्रीन स्वतः उजेड फेकतो, कागद उसना उजेड परत करतो. स्क्रीनची ब्राइटनेस इतकी उतरवा की शेजारी धरलेला कोरा कागद आणि स्क्रीनवरचा पांढरा सारखे वाटतील. मग फोटो परत बघा, तो तिथेही काळपटच दिसेल, आणि तेव्हा तो उजळवा.

आणि एकदम १२ बाय १८ टाकू नका. डार्करूममध्ये आम्ही ब्रोमाइड पेपरची दोन बोटं रुंद पट्टी कापायचो, एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठं करून पेपरवर पाडणाऱ्या यंत्राखाली) ठेवायचो आणि पुठ्ठा सरकवत पाच, दहा, पंधरा, वीस सेकंद असे चार टप्पे द्यायचो. पट्टी बघून ठरायचं. अख्खा पेपर थेट वापरला की काका त्याची किंमत माझ्या समोर मोठ्याने म्हणायचे. आता तेच करा. नातवाचा चेहरा, केस आणि मागची भिंत एवढाच तुकडा चार बाय सहावर छापून घ्या, तीन वेगवेगळ्या उजेडाचे. त्यातला आवडलेला पक्का करा. कागद चकचकीत घेतलात तर काळा खोल येतो, मॅट घेतलात तर काळा जरा उडालेला वाटतो पण काचेशिवाय भिंतीवर बघायला डोळ्यांना त्रास नाही. लहान मुलाच्या फोटोला मी मॅट घेईन.

प्रश्न : मालवणच्या घरात आजोबांच्या निगेटिव्हचा डबा सापडला. ब्लॅक अँड व्हाइट, बरेचसे चौकोनी, मोठे. इकडे आणून स्कॅन केले. स्कॅनरची धूळ आपोआप काढायची सोय चालू केली तर चेहरे मेणासारखे वितळलेले आले. निगेटिव्ह खराब झालेत का?
— न्यू जर्सीहून, मूळच्या मालवणच्या एक वाचक

उत्तर : निगेटिव्ह बहुधा ठीक आहेत. ती सोय बंद करा. स्कॅनर फिल्ममधून इन्फ्रारेड किरण सोडतो. रंगीत फिल्ममधल्या रंगांतून ते किरण आरपार जातात आणि फक्त धूळ-ओरखडे अडतात, म्हणून धूळ कुठली ते त्याला कळतं. तुमच्या आजोबांच्या निगेटिव्हमधलं चित्र चांदीचं आहे. चांदी ते किरण अडवते. स्कॅनरला आजोबांचा अख्खा चेहराच धूळ वाटला आणि त्याने तो पुसायला घेतला.

फुंकणीने धूळ उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे डाग बसतात. हातात पातळ सुती मोजे. चौकोनी निगेटिव्ह १२० नंबरच्या रुंद रोलचे असतील, कडेवरचं नाव वाचा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' निघाला तर मला कळवा, त्या रोलवर माझं अर्धं आयुष्य गेलंय. स्कॅनरपेक्षा बरा मार्ग म्हणजे सपाट पांढऱ्या लाइटबॉक्सवर निगेटिव्ह ठेवून वरून मॅक्रो (अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सने रॉमध्ये फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर उलटा करायचा. उजेड फक्त खालून, खोलीतले दिवे बंद. चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे धरलीत तर डावं-उजवं बरोबर येईल. उलटा केल्यावर तो सपाट, फिका दिसेल, घाबरू नका. जुने निगेटिव्ह पेपरच्या कॉन्ट्रास्टचा हिशेब धरून बनवलेले असायचे, तो कॉन्ट्रास्ट आता तुम्हाला द्यायचाय. धुळीचे उरलेले ठिपके शंभर टक्के मोठं करून एकेक हाताने काढा. एका निगेटिव्हला अर्धा तास धरून चाला. मला हे काम आवडतं, बहुतेकांना नाही आवडत.

मालवणच्या दमट हवेतून आलेत म्हणजे बुरशीच्या जाळ्या असू शकतात. त्यांना पाणी लावू नका, बुरशीने जिलेटिन पोखरलेलं असेल तर पाण्याबरोबर चित्रच निघून येईल. स्कॅन झालेले एकेक करून नव्या कागदी पाकिटात ठेवा, डब्यात सिलिका जेल टाका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ज्यांना तो वास आहे ते निगेटिव्ह त्याच दिवशी वेगळे करा आणि सगळ्यात आधी त्यांचेच फोटो काढून घ्या.